अजून लहान आहे

शास्त्रीबुवांकडून वाइनचं बोलावणं आलं की मी घरून पाणी पिऊन निघतो, कारण पहिला घोट घशाखाली उतरायला तिथे सहज दीड-दोन तास लागतात. टेबलावर बाटली असते, उंच दांड्याचे पातळ ग्लास असतात, वहिनींच्या चकल्या असतात, आणि शास्त्रीबुवा लेबल वाचून मान हलवत असतात. "अजून लहान आहे," ते म्हणतात. वय विचारावं तर बारा वर्षं. मग ती बाटली परत आत जाते आणि दुसरी बाहेर येते. हिचं वय तेवीस. ती दिव्यासमोर धरून ते बराच वेळ बघतात आणि त्यांचा चेहरा पडतो. "हिला उशीर झाला."

फ्रेंच रेड वाइनच्या आयुष्यात त्यांच्या लेखी या दोनच अवस्था आहेत. मधली, म्हणजे पिण्याजोगी, ती फक्त पुस्तकांत असते.

शास्त्री हे त्यांचं आडनाव नव्हे, ती आम्ही दिलेली पदवी आहे. उभी हयात चिंचवडच्या एका कारखान्यात गेली, क्वालिटी कंट्रोलमध्ये. सुटा भाग उचलायचा, मोजायचा आणि बाद करायचा, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत इमानेइतबारे केलं. मध्येच कंपनीनं एका नव्या मशीनच्या प्रशिक्षणासाठी त्यांना लियोंला धाडलं आणि तिथे घात झाला. तोवर त्यांचा द्राक्षांशी संबंध थॉमसन सीडलेस आणि रात्री भिजवून सकाळी खायच्या काळ्या मनुका एवढाच. लियोंच्या उत्तरेला बोजोलेचा मुलूख लागतो. तिथल्या गामे द्राक्षांची नवी वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, म्हणजे तोडणीनंतर दोन-अडीच महिन्यांत. अख्खे घड न चुरडता बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात. त्यामुळे तुरटपणा कमी उतरतो आणि वास येतो तो चक्क केळ्याचा. शास्त्रीबुवांनी त्या गुरुवारी लियोंच्या फुटपाथवर उभं राहून कागदी पेल्यातून ती प्यायली, आवडली, आणखी मागितली आणि कारखान्यातल्या फ्रेंच मंडळींच्या गळ्यात गळा घालून गाणी म्हटली. ही हकीकत वहिनींकडून कळली. स्वतः शास्त्रीबुवा हल्ली बोजोलेचा विषय निघाला की पंखा बंद करायला उठतात.

त्यांच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये दोन फ्रिज आहेत. एक दुधाभाजीचा. दुसरा बैठकीत, काचेच्या दाराचा, आत निळसर दिवा. पाहुणा आला की चप्पल काढता काढता त्याचे हात नकळत जोडले जातात. त्या फ्रिजात तापमान १३ अंश, बाटल्या आडव्या, कारण बूच आतून ओलं राहिलं पाहिजे, नाहीतर ते आक्रसतं आणि हवा आत जाते. वीज गेली की इन्व्हर्टरवर पहिला हक्क त्या फ्रिजाचा. माणसांनी हातपंखे घ्यायचे. बाटलीला हादरे चालत नाहीत, तळाचा गाळ ढवळतो, म्हणून पलीकडच्या ओट्यावरचा मिक्सर हलवून गच्चीच्या दाराशी नेलाय. वहिनी पावसाळ्यात छत्री धरून चटणी वाटतात.

ज्या दिवशी बाटली उघडायची (निदान तसा बेत असतो), त्या दिवशी घरात फोडणी नाही, उदबत्ती नाही, मोगऱ्याचा गजरा नाही. पाहुण्यानं अत्तर लावलं असेल तर त्याला खिडकीशी बसवतात. ग्लास भांड्याच्या साबणानं धुवायचे नाहीत. नुसतं गरम पाणी आणि सुती फडकं. ते फडकंही हुंगून घेतलं जातं. मग तापमान. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं फ्रेंच लोक म्हणतात, पण ती खोली जुन्या दगडी घरातली, घराघरांत हीटर यायच्या आधीची, म्हणजे सोळा ते अठरा अंशांची. पुण्यातली मे महिन्यातली खोली नव्हे. हे शास्त्रीबुवांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. बत्तीस अंशांवर वाइनमधली दारू तेवढी नाकात जाते आणि बाकी सगळं झाकून टाकते. पण त्यावर त्यांचा उपाय असा की पाहुणे यायच्या आधीच एसी अठरावर. आम्ही जातो तेव्हा वहिनी दारातच प्रत्येकाच्या हातात शाल देतात. नवख्या माणसाला आपला सत्कार आहे असं वाटतं, आणि तो दोन शब्द बोलायच्या तयारीनं बसतो.

ती संधी मात्र त्याला मिळत नाही.

बाटलीचं बूच निघालं की पहिली पाच मिनिटं रंगाची. ग्लास तिरका करून पांढऱ्या रुमालावर धरायचा आणि कडेला बघायचं. तरुण वाइनची कड जांभळी, निळसरही. वय वाढत जातं तशी ती डाळिंबी होते, मग विटकरी, आणि फार म्हातारपणी चहासारखी. याला कारण आहे. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं टॅनिन आणि सालीतलाच रंग ही दोन्ही वर्षानुवर्षं बाटलीत एकमेकांत गुंतत जातात, त्यांच्या साखळ्या लांबतात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून जुनी रेड वाइन फिकी दिसते आणि जिभेला मऊ लागते. तुरटपणा कुठे जात नाही, तो खाली बसतो. हे शास्त्रीबुवा इतकं सुंदर समजावतात की ऐकणाऱ्याला पिण्याची आठवण राहत नाही. बहुधा हेतूही तोच असावा.

मग नाक. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल या प्राध्यापक बाईंनी १९८० च्या दशकात वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं होतं. मधल्या वर्तुळात ढोबळ वास, बाहेर बाहेर जावं तसे बारीक. शास्त्रीबुवांनी ते मोठं करून कालनिर्णयच्या शेजारी टांगलंय. ग्लास हुंगायचा, चक्र बघायचं, पुन्हा हुंगायचं. एकदा रोन नदीकाठची सिरा होती, चार-पाच वर्षांची, काळीभोर. मी हुंगली आणि तोंडातून निघून गेलं, "जांभूळ!"

"चक्रात जांभूळ नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "काळा करंट आहे."

"तुम्ही काळा करंट खाल्लाय?"

"वास ओळखीचा आहे."

"कशातून?"

"वाइनमधून."

यापुढे बोलणं खुंटलं. वहिनींनी माझ्या ताटलीत आणखी एक चकली टाकली, ती सहानुभूतीची असावी.

जुन्या वाइनच्या वासांची यादी निघाली की नवख्या माणसाचा तर धीरच सुटतो. ओलं जंगल, अळंबी, सडलेली पानं, सिगारची पेटी, देवदाराचं लाकूड, घोड्याचं खोगीर, गोठा. "गोठा?" एकदा वहिनींच्या मावशींनी विचारलं. त्या सांगलीकडच्या. "अहो, आमच्याकडे मोठा गोठा होता. तो रोज झाडायचो आम्ही. वास जावा म्हणून."

घोट घेतल्यावर तोंडात चव किती वेळ रेंगाळते हे मोजायला फ्रेंचांनी एक एकक काढलंय, कोदाली. एक कोदाली म्हणजे एक सेकंद. क्वालिटी कंट्रोलवाल्या माणसाला हे सापडलं, याहून मोठं दुर्दैव पाहुण्यांच्या वाट्याला आलेलं नाही. शास्त्रीबुवा घोट गिळतात, स्टॉपवॉच दाबतात आणि डोळे मिटतात. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही आणि चकली चावायची नाही. चकली तोंडात अर्धी मऊ होत बसलेली, अंगावर शाल, समोर डोळे मिटलेला माणूस. अठरा कोदाली झाल्या की ते डोळे उघडतात, वहीत आकडा लिहितात आणि म्हणतात, "वीसच्या वर जायला हवी होती."

त्यांच्याशी वाद घालू नये, पण मी घालतो. २००१ साली बोर्दोत झालेल्या एका प्रयोगाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तो मी त्यांना सांगितला. वाइनशास्त्राचे चोपन्न विद्यार्थी. त्यांना एक पांढरी वाइन दिली, आणि दुसऱ्या वेळी तीच पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली. रंगवलेलीला विद्यार्थ्यांनी बिनदिक्कत रेड वाइनचे वास लावले. शास्त्रीबुवांनी शांतपणे ऐकून घेतलं. "विद्यार्थी होते," ते म्हणाले.

मग मी मोठा हुकूम काढला. २४ मे १९७६, पॅरिस. स्टीव्हन स्परियर नावाच्या तिथल्या इंग्रज वाइन दुकानदारानं लेबलं झाकून चाखणी ठेवली. निवाडा देणारे फ्रान्सचे नामवंत जाणकार. आणि रेड वाइनमध्ये पहिली आली ती कॅलिफोर्नियाची, स्टॅग्ज लीपची १९७३ ची. बोर्दोची मुतों रोथशिल्ड १९७० दुसरी.

"१९७० ची मुतों," शास्त्रीबुवा म्हणाले, "१९७६ मध्ये लहान होती."

फ्रेंचांनीही तेव्हा हेच सांगितलं होतं. म्हणून ३० वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच वाइन्स पुन्हा झाकून चाखल्या गेल्या. पुन्हा पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा, या खेपेला रिज माँटे बेलो १९७१ चा. मी विजयी मुद्रेनं त्यांच्याकडे पाहिलं.

"तोवर मुतों उतरणीला लागली होती."

अशा माणसाशी बोलण्यापेक्षा चकली खावी.

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, आणि एरवी फ्रेंच बाटलीवर सरकार जी जकात लावतं तिच्यानं बाटलीपेक्षा कर जड होतो. त्यामुळे शास्त्रीबुवा नातेवाइकांकडे लिटरांत बघतात. फ्रँकफुर्टचा भाचा म्हणजे दोन लिटर. भाचा आणि त्याची बायको म्हणजे चार लिटर, अर्थात ७५० मिलिलिटरच्या पाच बाटल्या, वर पाव लिटर वाया. या पाव लिटराचं त्यांना फार लागतं. भाच्याला मूल झालं तेव्हा पेढे वाटताना त्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसली होती. लहान मुलाला सवलत लागू नाही, हे नंतर कळलं.

फ्रिजाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात एक बाटली आहे, पोयाकची. मुलीच्या जन्मसालाची. ती मुलगी पदवीधर झाली तेव्हा बाटली लहान होती. तिला नोकरी लागली तेव्हाही लहान होती. लग्न ठरलं तेव्हा शास्त्रीबुवा जवळपास तयार झाले होते, पण व्याही माळकरी निघाले. साठीशांतीच्या दिवशी मुलगी आणि जावई दोघंही बाटली मागत होते. "आज होम झालाय, घरात धुराचा वास आहे," असं सांगून यांनी ती वेळ मारून नेली. मुलगी आता तिशीत आहे. परवा विषय निघाला तर म्हणाले, "आता उघडून काय करायचं? गेली असली तर उगाच वाईट वाटेल."

मुलगी म्हणाली, "बाबा, मी अजून आहे."

फ्रान्सला शेवटी आम्ही गेलो. शास्त्रीबुवा, वहिनी, मी आणि वहिनींचे धाकटे बंधू, निफाडचे द्राक्ष बागायतदार. मेहुणे येणार म्हटल्यावर शास्त्रीबुवांनी आधी कपाळाला आठी घातली, मग दोन लिटर आठवले.

बोर्दोच्या मेदोक भागात पाऊल ठेवताच शास्त्रीबुवांचा आवाज खाली आला. रस्त्याच्या दुतर्फा वाड्यांच्या पाट्या. ते हळू आवाजात वाचत होते: मार्गो, पाल्मेर, बेशवेल, लातूर.

"लातूर?" मेहुणे एकदम जागे झाले.

"शातो लातूर," शास्त्रीबुवा म्हणाले. "१८५५ च्या यादीतला पहिला वर्ग."

तिथून यादी सुरू झाली. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनला बोर्दोच्या वाइन्सची क्रमवारी हवी होती. दलालांनी कुणाची चव बघितली नाही, आजवर कुणाला किती भाव मिळालाय एवढंच बघितलं आणि पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गात चार: लाफित, लातूर, मार्गो, ओ-ब्रियों. ती यादी आजही चालते. त्यानंतर दुसऱ्यातून पहिल्या वर्गात बढती मिळाली ती एकट्या मुतोंला, १९७३ साली. "एकशे अठरा वर्षांनी!" शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता. त्यांचं स्वतःचं प्रमोशन पाच वर्षं रखडलं होतं, त्याची सल मला वाटतं त्या दिवशी गेली.

एका शातोमध्ये आम्हाला दोन-तीन वर्षांची वाइन चाखायला मिळाली. काबर्ने सोविन्यो जास्त, सोबत मेर्लो. शाईसारखी काळी-जांभळी. तोंडात घेतल्याबरोबर हिरड्या आवळल्या, गाल आत ओढले गेले. शास्त्रीबुवा चक्रातले शब्द शोधत होते तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "अहो, चहा फार वेळ उकळलाय यांनी." आणि खरं सांगायचं तर इतकं नेमकं वर्णन मी त्या अख्ख्या दौऱ्यात ऐकलं नाही. कोऱ्या चहात जिभेला जे धरतं त्याच घराण्यातलं टॅनिन इथेही असतं. मार्गदर्शक मुलीला शास्त्रीबुवांनी ते भाषांतर करून सांगायचं टाळलं. वहिनींनी स्वतःच कपबशीचे हातवारे करून सांगितलं. ती मुलगी हसली आणि म्हणाली, अगदी बरोबर, म्हणून तर पंधरा वर्षं थांबायचं.

मेहुण्यांचं लक्ष या कशातच नव्हतं. त्यांना बोर्दो म्हटलं की एकच गोष्ट ठाऊक होती. "भाऊजी, आपलं बोर्डो मिश्रण इथलंच का हो? मोरचूद आणि चुना?" शास्त्रीबुवांना हा प्रश्न व्यासपीठावरच्या माणसाला बी-बियाण्याचा भाव विचारल्यासारखा वाटला असावा. पण मेहुण्यांचं खरं होतं. १८८० च्या दशकात याच मेदोकमध्ये, रस्त्याकडेच्या वेलींवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून बागायतदार मोरचूद आणि चुना फासत असत. त्या वेलींची पानं डाऊनी नावाच्या बुरशीतूनही शाबूत राहिली, हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या नजरेला आलं. १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं, आणि आज निफाड-पिंपळगावातला पोरगासुद्धा "बोर्डो मारला का?" म्हणून विचारतो. मेहुण्यांनी शातोच्या वाड्याकडे पाठ करून बागेच्या पहिल्या ओळीचा फोटो काढला. तेवढाच.

बर्गंडीत त्यांची खरी कळी खुलली. क्लो द वूजो नावाची दगडी कुंपणाची एक बाग आहे, सुमारे ५० हेक्टरची, मध्ययुगात सिस्टर्शियन साधूंनी उभी केलेली. आज तिचे मालक ऐंशीच्या आसपास. कुणाच्या वाट्याला चार ओळी, कुणाच्या सहा. शास्त्रीबुवा मातीच्या थरांबद्दल बोलत होते. मेहुणे मध्येच म्हणाले, "सातबाऱ्यावर ऐंशी नावं? मग यांच्यात बांधावरून होत असतील की." या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही वाइनच्या पुस्तकात नाही, आणि माझ्या मते असायला हवं होतं.

तिथल्याच एका गावात आम्ही एका शेतकऱ्याच्या तळघरात उतरलो. चिखलाचे बूट, हातांच्या भेगांत जांभळे डाग. भिंतींवर काळी बुरशी, खाली बारीक खडी, ओळीनं ओकची पिंपं. त्यानं दोन बाटल्या उघडल्या. एकाच तुकड्यातली पिनो न्वार. एक तीन वर्षांची, दुसरी वीसच्या पुढची. दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले. तरुण वाइनचा रंग माणकासारखा, आरपार दिसणारा, कारण पिनोची साल पातळ. वास ताज्या चेरीचा आणि जिभेच्या टोकाला चटका देणारी आंबट धार. दुसरीची कड विटकरी झालेली. नाकाशी नेली तर आधी काहीच नाही, मग ओली माती, मग अळंबी, आणि त्याखाली कुठेतरी वाळलेलं तेच फळ. तोंडात ती आली कधी आणि पसरली कधी ते कळलं नाही. मी आजवर जुन्या वाइनचं कौतुक हे श्रीमंतांचं नाटक समजत होतो. त्या ग्लासापुरतं तसं म्हणवेना.

शास्त्रीबुवांनी वही काढली. अलियाँस फ्राँसेजमध्ये शिकलेल्या फ्रेंचमध्ये त्यांनी ओलं जंगल, गोठा, खोगीर, देवदार असं सगळं त्या माणसाला ऐकवलं. तो पिंपाला टेकून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं स्वतः घोट घेतला, खळखळवला, पायाखालच्या खडीवर पचकन थुंकला आणि म्हणाला, "चांगली झालीय. नाही का?"

"बघा," वहिनी माझ्या कानात म्हणाल्या, "पुण्यात थुंकलं की दंड."

शास्त्रीबुवांनी पुढचं पान भरायला घेतलं. तेवढ्यात मेहुणे आणि तो शेतकरी वर बागेत निघून गेले होते. दोघांत एकही भाषा समाईक नाही. वर जाऊन बघतो तो मेहुणे पान उलटं करून दाखवताहेत, "डाऊनी, डाऊनी", आणि तो मान डोलावतोय, "मिल्द्यू, मिल्द्यू". मग त्यानं वेलीच्या बुंध्यापाशी बोट नेऊन कलमाची गाठ दाखवली. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीनं फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हापासून अमेरिकन मुळांवरच फ्रेंच वेल बांधतात. मेहुण्यांनी गुडघ्यावर बसून गाठ चाचपली. "खुंट! आपल्यासारखाच!" असं म्हणून त्यांनी त्याची पाठ थोपटली. एप्रिलमध्ये दव गोठायला लागलं की हे लोक रात्रभर बागेत मेणबत्त्यांचे डबे पेटवून बसतात, हे त्यानं आगपेटी काढून अभिनयानं सांगितलं. मेहुण्यांनी गारपिटीचा अभिनय केला. निघताना त्या माणसानं जुन्या वाइनची एक बाटली कागदात गुंडाळून दिली, आणि ती दिली मेहुण्यांच्या हातात. मोटारीत शास्त्रीबुवा अर्धा तास बोलले नाहीत.

त्याच रात्री बोन गावात जेवायला गेलो. वहिनींनी चीज आणि पाव सांगितला आणि पर्समधून लसणाच्या चटणीची डबी काढून मांडीवर ठेवली. मेहुण्यांनी रेड वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा मागवला. शास्त्रीबुवांनी यादी पंधरा मिनिटं वाचून एक वीस वर्षांची व्होलने निवडली. किंमत बघून वहिनींनी मनात रुपयांत गुणाकार केला आणि डोळे मिटले. वाढप्यानं बूच काढलं, चाखण्यापुरती ओतली. शास्त्रीबुवांनी ग्लास फिरवला, नाक घातलं.

आम्ही शाल सावरून बसावं तसे व्याख्यानाला तयार झालो. पण ते बोलेनात. पुन्हा नाक घातलं. कानशिलं लाल झाली. माझ्याकडे ग्लास सरकवून ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बघ रे जरा." मला काही कळलं नाही, थोडा दमट वास, पावसाळ्यात दाराखालून सरकवलेल्या वर्तमानपत्राचा. त्यांना तेच म्हणायचं होतं. बुचात कधी कधी टीसीए नावाचं द्रव्य तयार होतं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी वाइनचं फळ मरतं आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास उरतो. पण बर्गंडीत, बर्गंडीच्या माणसाला, सदाशिव पेठेनं हे सांगायचं कसं? एवढी वर्षं चिंचवडला हजारो भाग बाद करणारा तो माणूस ग्लासाच्या दांड्याशी बोटं चाळवत बसला होता. कपाळाला घाम. वहिनी म्हणाल्या, "अहो, खराब असेल तर सांगा की. पैसे देतोय."

त्यांनी हात वर केला. वाढपी आला, पाठोपाठ वाइनचा मुख्य माणूस आला. शास्त्रीबुवांनी एकच शब्द उच्चारला, "बुशोने." त्या माणसानं ग्लास उचलला, एकदा हुंगला, लगेच खाली ठेवला. "आपलं बरोबर आहे, मस्य," तो म्हणाला, "माफ करा." आणि बाटली घेऊन गेला. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या फ्रेंच गृहस्थानं शास्त्रीबुवांकडे बघून किंचित मान झुकवली.

मेहुण्यांनी पाठीवर थाप मारली. "भाऊजी, माल रिजेक्ट!"

त्या व्होलनेची दुसरी बाटली शिल्लक नव्हती. मुख्य माणसानं स्वतःच्या पसंतीची एक आणली, काहीतरी नाव सांगितलं, उघडली आणि भरली. शास्त्रीबुवांनी ग्लास उचलला. तिरका केला नाही, फिरवला नाही, स्टॉपवॉच खिशातच. एक मोठा घोट, मग दुसरा. मेहुण्यांच्या ताटातला कोंबड्याचा तुकडा त्यांनी न विचारता उचलला. वहिनींच्या मांडीवरच्या डबीत पाव बुडवला. लसूण, तीळ, तिखट, आणि त्यावर बर्गंडी. ग्लास रिकामा झाला तसा त्यांनी स्वतःच पुन्हा भरला आणि कारखान्यात एकदा बेअरिंगची अख्खी खेप परत पाठवली होती, ती गोष्ट सांगायला घेतली. बाटली संपली. कुणी दुसरी मागवली, तीही अर्ध्यावर आली.

हॉटेलकडे परतताना वहिनींनी विचारलं, "अहो, ती नंतरची कुठली होती? छान होती."

"लाल," शास्त्रीबुवा म्हणाले. "बिलावर नाव असेल, बघ."